वीस रुपयांच्या नोटेमागे काय आहे?

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या प्रश्नमंजुषेत तिसऱ्या फेरीचा पहिला प्रश्न मी असा विचारला : "सध्याच्या नव्या नोटांपैकी कोणत्या नोटेच्या मागच्या बाजूला महाराष्ट्रातली जागा आहे? खिशात हात घालायला परवानगी आहे."

पार्किंगमध्ये नऊ गट बसले होते. वर बांधलेल्या ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. सगळ्यांचे हात खिशात गेले आणि बहुतेकांचे रिकामेच बाहेर आले. आता भाजीवालीलाही फोनवरच पैसे जातात, रोख कोण बाळगतं? शेवटी चौथ्या मजल्यावरच्या आजींनी कमरेचा बटवा सोडला, त्यातून चार घड्या घातलेली हिरवट-पिवळी वीसची नोट काढली, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर वेरूळ. लग्नानंतर पहिल्यांदा कुठं गेलो तर इथंच."

त्यांच्या गटाला दहा गुण मिळाले. पण पुढचा आठवडाभर जे झालं त्याचा आनंद मला गुणांपेक्षा मोठा आहे. पोरं किराणावाल्याच्या गल्ल्यापाशी उभी राहून एकमेकांना विचारत होती, दहाच्या नोटेवर काय? कोणार्क. पन्नासच्या? हंपी. शंभरच्या? पाटणची राणी की वाव. दोनशेच्या? सांची. पाचशेच्या मागे लाल किल्ला, हे सगळ्यांना येत होतं. वीसची ही नोट २०१९ पासून चलनात आहे. रोज हातातून जाते, आणि तोवर कुणी उलटून पाहिली नव्हती.

मी कराडला राहते आणि टपाल खात्यात सॉर्टिंगचं काम करते. सोसायटीची प्रश्नमंजुषा गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. प्रश्न कसे काढता, पुस्तक कुठलं वापरता, असं बरेच जण विचारतात. म्हणून हे लिहायला बसले.

पुस्तकापासूनच सुरुवात करते, कारण माझी सगळ्यात मोठी चूक पुस्तकामुळे झाली. २०१२ च्या गणपतीत मी विचारलं होतं, "भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?" हातातल्या गाइडात उत्तर होतं हॉकी. आठवीतल्या एका मुलीनं उभं राहून सांगितलं, "कोणताच नाही." मी चूक म्हटलं. प्रश्न पुढच्या गटाकडे पास झाला, त्यांनी हॉकी म्हणून बोनस घेतला आणि त्याच गुणांनी ते जिंकले. मुलगी काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मला दिसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन दारात उभी. त्याच ऑगस्टमध्ये माहिती अधिकारातल्या एका अर्जाला केंद्रीय क्रीडा मंत्रालयानं उत्तर दिलं होतं की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेला नाही. मी तिच्यासमोरच तो मजकूर दोनदा वाचला. संध्याकाळच्या आरतीनंतर माइक मागून घेतला, सगळ्यांसमोर चूक सांगितली, आणि बाजारातून तसाच दुसरा कप आणून तिच्या गटाला दिला. तरीही ती गोष्ट मला आजही टोचते. शंभर माणसांसमोर आपण एका बरोबर उत्तराला चूक ठरवलं, तेही तिनं आपल्यापेक्षा जास्त वाचलं होतं म्हणून.

तेव्हापासून गाइडातून उचललेला एकही प्रश्न मी दुसरीकडे ताडून पाहिल्याशिवाय घेत नाही. आणि उत्तराइतकंच प्रश्नाचं वाक्यही तपासते, कारण बहुतेक भांडणं वाक्यामुळे होतात. 'पहिला', 'पहिली' हे शब्द तर फार जपून वापरावे लागतात. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर गोळेश्वर आहे, खाशाबा जाधवांचं गाव. इथं कुठल्याही पोराला विचारा, "भारताला ऑलिंपिकचं पहिलं वैयक्तिक पदक कुणी मिळवून दिलं?" तो झोपेतही खाशाबांचं नाव घेईल. पण असा विचारला तर प्रश्न अर्धवट राहतो. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नॉर्मन प्रिचर्डच्या नावावर भारतातर्फे धावण्याची दोन रौप्यपदकं लागलेली आहेत. 'स्वतंत्र भारताला' हे दोन शब्द घातले की १९५२, हेलसिंकी, बँटमवेट कुस्ती, कांस्य आणि खाशाबा, असं उत्तर पक्कं होतं. कराडमध्ये मी तेही विचारत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. मी विचारते, "खाशाबांनंतर भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला किती वर्षं लागली?" उत्तर ४४. लिअँडर पेस, टेनिस, १९९६, अटलांटा. हा आकडा वाचून दाखवला तेव्हा मांडवात क्षणभर कुणी बोललं नाही. खाशाबांनी केलेलं काम केवढं होतं, हे त्यांच्या नावापेक्षा त्या ४४ वर्षांनी जास्त कळतं.

आनंदीबाई जोशींचंही तसंच. 'भारतातल्या पहिल्या महिला डॉक्टर' असं म्हणून मोकळं होता येत नाही. त्यांना मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. त्याच वर्षी कोलकात्यात कादंबिनी गांगुली वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. आनंदीबाई फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या, वय अवघं २१, इथं येऊन डॉक्टरकी करायला मिळालीच नाही. पुढे रखमाबाईंनी सुरत आणि राजकोटमध्ये वर्षानुवर्षं रुग्णसेवा केली. तीन बायका, तिघींचं 'पहिलेपण' वेगवेगळं. मी या तिघींवर मिळून एक प्रश्न केला होता : तीन वाक्यं वाचायची आणि कोणतं वाक्य कुणाचं ते ओळखायचं. त्या फेरीत कुणाचंही नाव दुसऱ्या कुणाच्या नावाखाली झाकलं गेलं नाही, याचं मला समाधान आहे.

काही उत्तरं तर आपल्या डोळ्यांदेखत बदलतात. माझी जुनी वही १९९६ ची आहे, परीक्षांच्या तयारीसाठी केलेली. त्यात एका ओळीत लिहिलंय : महाराष्ट्रातले जिल्हे ३१. त्यावर काट मारून ३३, कारण १९९८ मध्ये वाशिम आणि नंदुरबार झाले. पुन्हा काट, ३५, कारण १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया. मग वेगळ्या शाईत ३६, पालघर, १ ऑगस्ट २०१४. राज्य झालं तेव्हा २६ होते. मला ती खोडलेली ओळ फार आवडते. म्हणून आता मी "किती जिल्हे" असं न विचारता "महाराष्ट्राचा सर्वांत नवा जिल्हा कोणता आणि तो कोणत्या जिल्ह्यातून निघाला" असं विचारते. पालघर ठाण्यातून निघाला. उद्या आणखी एखादा झाला तर उत्तर बदलेल, पण प्रश्न तोच राहील.

ग्रहांचे उपग्रह हा याहून अवघड विषय. २०२३ च्या फेब्रुवारीत गुरूचे उपग्रह मोजणीत शनीच्या पुढे गेले आणि मे महिन्यात शनी पुन्हा वर आला. २०२५ च्या मार्चमध्ये शनीचा आकडा २७४ झाला. हा प्रश्न घ्यायचाच असेल तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तपासावा.

आता माझ्या कामातला प्रश्न, माझा सगळ्यात लाडका. रोज हजारो पाकिटं डोळ्यांखालून जातात, पत्त्यावरचं गाव वाचायच्या आधी आकडा वाचला जातो. पिन कोडचे सहा आकडे निरर्थक नाहीत. पहिला आकडा विभाग सांगतो : ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे पत्र वाटणारं पोस्ट. ९ नं सुरू होणारा पिन लष्कराचा. ४०३ दिसलं की गोवा, ४११ दिसलं की पुणे. आमचं कराड ४१५११०. गटांना मी विचारते, "घाट उतरून गेल्यावरही ४१५ नंच सुरू होणारं, समुद्रकाठचं जिल्ह्याचं ठिकाण कोणतं?" रत्नागिरी, ४१५६१२. ज्यांच्या घरी तिकडून आंब्याची पेटी येते त्यांना पेटीवरचा पत्ता आठवतो आणि ते टुणकन उठतात.

यातली खरी गंमत पुढच्या प्रश्नात. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती बसवणारे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी मराठी होते आणि संस्कृतचे कवी होते. कोण? श्रीराम भिकाजी वेलणकर. या प्रश्नाला आजवर आमच्याकडे एकदाच बरोबर उत्तर आलं, तेही संस्कृत शिकवणाऱ्या एका बाईंकडून. देशातलं प्रत्येक कुटुंब रोज वापरतं ती गोष्ट आपल्या माणसानं दिली आणि आपल्याला नाव माहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी मी हा प्रश्न पुन्हा घेते.

स्वतःची तयारी मी एकाच पद्धतीनं करते. वहीच्या डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर, आणि उजवं पान मधोमध दुमडलेलं. प्रश्न वाचला की पेन्सिलीनं कागदावर उत्तर लिहायचंच, येत नसलं तरी अंदाजानं. मगच घडी उघडायची. नुसतं मनात म्हणून पान उलटलं की प्रत्येक उत्तर पाहून वाटतं, हे तर मला येत होतं. चुकलेल्या प्रश्नावर तारीख टाकते आणि पंधरा दिवसांनी तेवढेच पुन्हा सोडवते. तीनदा चुकलेला प्रश्न मी कधीच विसरत नाही. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला आणि घटकराज्य झाला ३० मे १९८७ ला, या दोन तारखांची मी तीनदा अदलाबदल केली होती. आता होत नाही.

आणि एक प्रश्न असा, जो कुठल्याही पुस्तकाशिवाय सोडवता येतो. "२१ जूनला भर दुपारी, सूर्य सर्वांत वर असताना, कराडमध्ये उभ्या रोवलेल्या काठीची सावली कोणत्या दिशेला पडेल?" नऊपैकी आठ गट म्हणाले, उत्तरेला. नवव्या गटातल्या सातवीतल्या मुलानं पाटीवर गोल काढला, कर्कवृत्त काढलं, त्याच्या खाली कराडचा ठिपका दिला आणि म्हणाला, "काकू, सूर्य आपल्या उत्तरेला आहे, मग सावली दक्षिणेला." बरोबर. कराड १७ अंशांच्या थोडं वर आहे, सूर्य त्या दिवशी साडेतेवीसवर असतो. मीटरभर काठीची सावली जेमतेम ११ सेंटिमीटर, पण दक्षिणेला.

आठ गट मानेनात. जूनमध्ये इथं ढग, दाखवणार कसं? मी म्हटलं, मे महिन्यात गच्चीवर या. ९ मेच्या आसपास सूर्य कराडच्या बरोबर डोक्यावर येतो. यंदा त्या दिवशी वीस-बावीस पोरं आणि वीसच्या नोटेवाल्या आजी गच्चीवर जमल्या, पाय भाजत होते म्हणून गोणपाट अंथरलं. पाण्याच्या टाकीशेजारी स्टीलचा उंच ग्लास उपडा ठेवला. सव्वाबाराला सावली करंगळीच्या जाडीएवढी होती. ती आत आत सरकत गेली, आणि साडेबाराच्या सुमारास ग्लास नुसता उभा होता, सावली नव्हती. कुणी काही बोललं नाही. मग तोच सातवीतला मुलगा ग्लासाच्या दक्षिणेला जाऊन बसला आणि फरशीवर बोट ठेवून म्हणाला, "उद्यापासून इकडं."