जुलैचा हप्ता

एका खासगी बँकेच्या मुख्य कार्यालयात मी नऊ वर्षं बोर्ड नोट, म्हणजे संचालक मंडळापुढे जाणाऱ्या प्रस्तावांच्या टिपण्या लिहिल्या. मीटिंगमध्ये आकडे विचारले तर हाताशी असावी म्हणून मला मागच्या खुर्चीत बसवत. तिथे ऐकलेला एक प्रश्न अजून कानात आहे.

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांसाठी कर्जयोजना होती, परतफेड दरमहा. जोखीम विभागाची सही झालेली. टेबलाभोवती बहुतेक सीए आणि निवृत्त बँकर, कुणालाच काही खटकलं नाही. लघुउद्योगाच्या अनुभवावर बोर्डात आलेल्या मॅडमनी मात्र पान उलटता उलटता विचारलं, "पावसाळ्यात चुलवाण थंड असतं. मग जुलैचा हप्ता हा माणूस कुठून भरणार?"

हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज ठरतं. न मिळालेलं व्याज उत्पन्नात धरता येत नाही, आणि तारण असलं तरी येणे रकमेच्या १५ टक्के तरतूद, म्हणजे संभाव्य तोट्यासाठी रक्कम बाजूला, करावी लागायची. ती थेट नफ्यातून जाते. म्हणजे दिवाळीनंतर चुलवाणावर गुळाची काहील चढली की इमानदारीने पैसे फेडणारा माणूस केवळ तारीख चुकीची म्हणून थकबाकीदार ठरला असता, आणि तोटा आमचाही झाला असता.

बँकिंग नियमन कायद्यात १९६८ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १०अ मला म्हणूनच फार शहाणं वाटतं. निम्म्याहून अधिक संचालक जाणकार हवेत, आणि त्यांतले किमान दोघे शेती-ग्रामीण अर्थव्यवस्था, सहकार किंवा लघुउद्योगातले. सूचिबद्ध कंपन्यांच्या बोर्डावर किमान एक स्त्री हवी, हे बंधन २०१३ च्या कंपनी कायद्याने आणलं. पण त्या एका खुर्चीचा ताळेबंदावर काय परिणाम झाला, हे शोधणं अवघड आहे. अ‍ॅडम्स आणि फेरेरा यांच्या २००९ च्या अभ्यासात अमेरिकी कंपन्यांतल्या स्त्री संचालकांची हजेरी पुरुषांपेक्षा चांगली दिसली. कंपनीच्या कामगिरीवरचा सरासरी परिणाम मात्र उणे निघाला. हे वाचून मी अस्वस्थ झाले, पण माझं मत बदललं नाही. मी तो प्रश्न ऐकला होता.

त्या मीटिंगचे मिनिट्स मीच लिहिले. त्यात एवढंच आहे: "हप्त्यांचे वेळापत्रक गाळप हंगामानुसार सुधारून प्रस्ताव मंजूर." प्रश्न कुणी विचारला, ते लिहायची पद्धत नव्हती.