मत द्यायचंय? आधी पेपर सोडवा

अमेरिकेचं नागरिकत्व घेताना परीक्षा द्यावी लागते. माझ्या वेळी अधिकारी तोंडी जास्तीत जास्त 10 प्रश्न विचारायचे, 6 बरोबर आले की पास. राज्यघटनेत दुरुस्त्या किती? 27. सिनेटर किती वर्षांसाठी निवडून येतो? 6. प्रश्नांची यादी आधीच मिळते, त्यामुळे घोकंपट्टीत मुरलेल्या आपल्यासारख्यांना त्यात काही विशेष नाही. पुढे शपथविधी झाला आणि हॉलच्या दाराशीच मतदार नोंदणीचं टेबल मांडलेलं होतं.

फोनवर हे ऐकून दादा खूश. "गाडी चालवायला लायसन्स लागतं, मग देश चालवणारा निवडायला काहीच नको? प्रत्येक मतदाराची अशी परीक्षा घ्या म्हणावं."

दादाच्या आधी हे अमेरिकेला सुचलं होतं आणि तिने शंभरावर वर्षं ते करूनही पाहिलं. सुरुवात दक्षिणेत झाली नाही. 1855 साली कनेक्टिकटने आणि 1857 मध्ये मॅसॅच्युसेट्सने मतदानासाठी वाचता येण्याची अट घातली. रोख होता आयर्लंडहून आलेल्या गरीब स्थलांतरितांवर. म्हणजे तेव्हाच्या आमच्यासारख्यांवर! (आम्ही तर त्या रांगेतही नव्हतो. 1923 मध्ये भगतसिंग थिंड या पंजाबी स्थलांतरिताच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. हे दार 1946 मध्ये उघडलं.)

दक्षिणेत मात्र काळ्यांना मतदानापासून दूर ठेवायला ती वापरली गेली, आणि तिथे या परीक्षेला खरी धार आली. लुईझियानात 1964 साली वापरलेल्या एका पेपरच्या प्रती नेटवर सापडतात. मित्रमंडळी जमली होती तेव्हा मी प्रिंट काढून सगळ्यांना वाटले. 30 प्रश्न, वेळ 10 मिनिटं, एक जरी चुकला तरी नापास. पहिलाच प्रश्न: या वाक्याच्या क्रमांकाभोवती किंवा अक्षराभोवती रेघ काढा. एकाने फक्त 1 ला गोल केला, दुसऱ्याने पुढच्या टिंबासकट. एकीला वाटलं, वाक्यातल्या एखाद्या अक्षराभोवती काढायचा असेल. पुढे कुठेतरी 'व्होट' हा शब्द उलटा, पण योग्य क्रमाने लिहा, असंही आहे. जमलेल्यांत इंजिनियर होते, एक डॉक्टर होती. 10 मिनिटांत कुणाचाच पेपर पुरा झाला नाही. बरं, बरोबर उत्तर कोणतं यावरही एकमत होईना.

खरी मेख तिथेच होती. उत्तर बरोबर की चूक हे नोंदणी कारकून ठरवणार, आणि समोर कोण उभं आहे हे त्याला दिसतच असे. टिंब आत घेतलं तरी चूक, बाहेर ठेवलं तरी चूक. मिसिसिपीत तर राज्यघटनेतलं एखादं कलम पुढे ठेवून त्याचा अर्थ लिहायला सांगत. फॅनी लू हेमर 1962 मध्ये इंडियनोला गावी नाव नोंदवायला गेल्या, तेव्हा त्यांना पूर्वलक्षी कायद्यांबद्दलचं कलम आलं. मळ्यावर राबणारी बाई, ती नापास झाली यात नवल नाही. नोंदणीचा नुसता प्रयत्न केला म्हणून मळेमालकाने त्यांना त्याच रात्री घराबाहेर काढलं.

अडाणी गोऱ्यांचं काय? त्यांची सोय आधीच करून ठेवलेली होती. लुईझियानाने 1898 मध्ये नियम केला की 1867 च्या आधी ज्याच्या बापाला किंवा आजोबाला मताधिकार होता, त्याला परीक्षा माफ. गुलामाच्या नातवाचा आजोबा कुठून आणायचा? असले आजोबा-नियम न्यायालयाने 1915 मध्ये मोडीत काढले, पण साक्षरतेची परीक्षा घटनेत बसते, असा निकाल त्याच न्यायालयाने 1959 मध्ये दिला. कागदावर ती सगळ्यांना सारखीच होती ना! शेवटी 1965 च्या मतदान हक्क कायद्याने तिला दक्षिणेत खीळ घातली. मिसिसिपीत काळ्या मतदारांची नोंदणी सुमारे 7 टक्क्यांवर होती, ती 1967 पर्यंत जवळपास 60 वर गेली. दोन वर्षांत माणसं हुशार झाली नव्हती, फक्त पेपर तपासणारा बाजूला झाला होता.

बरं, मतदाराला नको, पण उमेदवाराला? इथे मला दादाचं थोडं पटतं. इथले नेते पार म्हातारे होईपर्यंत खुर्ची सोडत नाहीत. 2023 मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या नेत्या निकी हेली यांनी 75 च्या पुढच्या राजकारण्यांची मानसिक क्षमता तपासा, अशी मागणी केली. 2024 मध्ये नॉर्थ डकोटा राज्याच्या मतदारांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, उमेदवारांना वयाची कमाल मर्यादाच घातली. ती न्यायालयात टिकणं कठीण, कारण घटनेतल्या पात्रतेत राज्यांना भर घालता येत नाही, हे 1995 मध्येच ठरलंय.

आणि तपासणार कोण, हा प्रश्न उरतोच. हरियाणाने 2015 मध्ये पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली, सर्वोच्च न्यायालयाने ती उचलूनही धरली. ज्या बायकांना लहानपणी शाळेत घातलंच नाही, त्या एका फटक्यात बाद. आमदार-खासदारांना मात्र अशी अट नाही. कायदा करणारे स्वतःला कशाला अडकवतील? राजस्थानने तसलीच अट घातली होती, ती 2019 मध्ये मागे घेतली.

त्यापेक्षा आपल्याकडची प्रतिज्ञापत्राची पद्धत मला बरी वाटते. 2003 पासून उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, शिक्षण सगळं लिहून द्यावं लागतं आणि कुणालाही ते वाचता येतं. त्यातच डॉक्टरचा अहवाल जोडायला लावावा, अमेरिकेतही आणि तिकडेही. बाद कुणालाच करू नका. नेत्याची स्मरणशक्ती किती उरली आहे ते छापून दारात टाका, आणि तरीही लोकांना तोच हवा असेल तर येऊ द्या निवडून.