आईच्या मनाची तपासणी व्हायला तीन मंगळवार गेले

खुब्याचं ऑपरेशन, टाके, घरी आणणं, सगळं नीट पार पडलं. व्यायामही चालू होता. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, या चाचणीत आई ३४ सेकंदांवरून १९ वर आली. १२ सेकंदांच्या वर लागले तर पडण्याचा धोका धरतात, त्यामुळे अजून बरीच मजल मारायची होती. पण फाइलमधले आकडे सुधारत होते आणि घरी आईने वाती वळणंही सोडलं होतं. मी म्हटलं, मनाचंही बघा.

पहिल्या मंगळवारी नैराश्य तपासायचा १५ प्रश्नांचा फॉर्म आला. गेल्या आठवड्यात कसं वाटलं, हो की नाही. फॉर्म इंग्रजीत, डॉक्टर भराभर हिंदीत विचारत होते. आई पदराचं टोक चोळत माझ्याकडे बघायची आणि उत्तर मी द्यायचे. ‘उदास? नाही हो, खंबीर आहे ती.’ मला ऑफिस गाठायचं होतं. गुण २, म्हणजे नॉर्मल. तिच्या तोंडचा शब्द मी काढून घेतला, ही टोचणी अजून जात नाही.

दुसऱ्या मंगळवारी पुन्हा विचारा म्हटलं, तर ‘ते मानसोपचारला, नवीन केस पेपर काढा.’ खिडकी अकराला बंद. वॉकरने तो लांबलचक कॉरिडॉर ओलांडेपर्यंत अकरा वाजून पाच मिनिटं झाली. जिच्या चालण्याचे सेकंद मोजता, तिच्यासाठी पाच मिनिटं थांबता येत नाही?

आणखी एक, तपासणीला ऐकायचं मशीन घालूनच न्या. आईचं पहिल्या दिवशी पर्समध्येच राहिलं होतं.

तिसऱ्या खेपेला मराठी बोलणारी एक इंटर्न भेटली. ‘ताई, तुम्ही बाहेर थांबा,’ म्हणाली आणि स्टूल ओढून आईसमोर बसली. वीस मिनिटं. गुण ९. पाचाच्या वर गेले की पुढे नीट तपासतात. नुसत्या गुणांवर आजार ठरत नाही. ‘बाहेर जाण्यापेक्षा घरातच बसावंसं वाटतं का?’ याला आईने हो म्हटल्यावर तिने कारणही विचारलं. लालबागला तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिन्याची धडकी. शिवाय ‘पोरांना माझा भार झालाय.’ हे मला आईने कधी सांगितलं नव्हतं.

समुपदेशन सुरू झालं, व्यायामात जिना आला. काल चौथ्या पायरीवर थांबून आई म्हणाली, ‘तू पुढ्यात उभी राहू नकोस गं, पायरी दिसत नाही मला.’