छपराला उन्हाळा-हिवाळा कळायला हवा

वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला स्लॅबचं गणित कुणी शिकवावं लागत नाही. ऊन दुपारी तापतं पण खरा उकाडा सुरू होतो रात्री, आडवं व्हायच्या वेळेला, कारण दिवसभर शोषलेली उष्णता जाड काँक्रीटमधून खाली झिरपायला कित्येक तास घेते. मी स्टुलावर उभं राहून छताला तळहात लावून बघितलाय, रात्री अकरा वाजता सुद्धा चांगलं गरम लागतं. म्हणून गच्चीवर पांढरं कोटिंग मारून घेतलं आणि तो उन्हाळा खरंच बरा गेला. मग थंडी आली आणि लक्षात आलं की आधी दुपारच्या उन्हाने खोलीला जी ऊब मिळायची ती पण गेलीय. पांढरं छप्पर बारा महिने एकच काम करतं, ऊन परत पाठवतं, मग आपल्याला ते हवं असो की नको.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. हवामानाप्रमाणे स्वतःच वागणूक बदलणारं छप्पर बनवता येईल का, यावर गेल्या काही वर्षांत इतकं सुंदर काम झालंय की ते लिहूनच काढावं असं वाटलं.

आधी आकाशाबद्दल सांगायला हवं. माझ्याकडे हातात धरायची इन्फ्रारेड थर्मामीटरची गन आहे. रात्री निरभ्र आकाशाकडे रोखली की आकडा आजूबाजूच्या हवेच्या कितीतरी खाली उतरतो, हवा कोरडी असली तर शून्याच्या पण खाली, आणि तेवढ्यात ढग आला की परत वर चढतो. प्रत्येक वस्तू आपली उष्णता डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांच्या रूपात सतत बाहेर टाकत असते. त्यातली 8 ते 13 मायक्रॉन तरंगलांबीची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जी पट्टी आहे ती वातावरण फारशी अडवत नाही, त्या खिडकीतून उष्णता थेट वर अंतराळात निघून जाते. उघड्यावर लावलेल्या गाडीच्या टपावर सकाळी दहिवर साचलेलं असतं आणि झाडाखालची गाडी कोरडी असते ते यामुळेच, उघड्या टपाने रात्रभर आकाशाला उष्णता देऊन टाकलेली असते आणि तो भोवतालच्या हवेपेक्षाही गार झालेला असतो. इराणच्या वाळवंटात उथळ हौदात पाणी भरून रात्री बर्फ करायचे आणि तो यखचाल नावाच्या घुमटात साठवायचे, तिथेही कोरड्या थंड रात्रींच्या जोडीला हेच तत्त्व होतं.

रात्री हे सोपं आहे, दिवसा सूर्य आडवा येतो. भर उन्हात एका चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ऊन पडतं आणि आकाशाला देता येतात फार तर शंभरएक वॅट, त्यामुळे नव्वद टक्के ऊन परावर्तित केलं तरी उरलेलं दहा टक्केच सगळी कमाई खाऊन टाकतं. 2014 मधे स्टॅनफर्डच्या आस्वथ रामन, शानहुई फॅन आणि सहकाऱ्यांनी चांदीवर हाफ्नियम ऑक्साइड आणि सिलिकाचे सात थर देऊन 97 टक्के ऊन परतवणारा पृष्ठभाग केला आणि तो थेट उन्हात, वीज न वापरता, हवेपेक्षा जवळपास 5 अंश गार राहिला. मग 2021 मधे पर्ड्यू विद्यापीठाच्या शिउलिन रुआन यांच्या गटाने बेरियम सल्फेटचा 98.1 टक्के ऊन परतवणारा पांढरा रंग दाखवला. दोन्ही कामं मला फार आवडतात. पण माझा प्रश्न तसाच राहतो, उलट वाढतो, कारण असं छप्पर कडाक्याच्या थंडीत पण घरातली ऊब अंतराळात पाठवतच राहणार, त्याला थांब म्हणायची सोय नाही.

ही सोय कशी करतात ते समजायला एक घरगुती प्रयोग करून बघा. चकचकीत स्टीलच्या भांड्यात कडकडीत पाणी ओता आणि बाहेरच्या बाजूवर गन रोखा, आकडा जवळजवळ खोलीच्या तापमानाएवढाच येईल. हात लावाल तर चटका बसेल, पण गनला तिथे भांड्यावरून परावर्तित झालेली खोलीच दिसतेय. आता त्याच भांड्यावर काळ्या इलेक्ट्रिक टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपवर गन धरा, आकडा एकदम वर उडी मारतो. भांडं तेच, पाणी तेच, पण स्टील इन्फ्रारेड सोडण्यात अगदी चिक्कू आहे आणि टेप सढळ हाताने सोडते. याला इंजिनिअर लोक एमिसिव्हिटी म्हणतात, शून्य म्हणजे काहीच सोडत नाही, एक म्हणजे शक्य तेवढं सगळं सोडतो.

आता असं छप्पर डोळ्यांसमोर आणा जे थंडीत स्टीलसारखं वागतं आणि उन्हाळ्यात टेपसारखं. अमेरिकेतल्या बर्कलीमधे जुनचियाओ वू यांच्या गटाने डिसेंबर 2021 मधे नेमकं हेच प्रसिद्ध केलं. त्यांच्या कोटिंगची त्या 8 ते 13 मायक्रॉनच्या खिडकीतली एमिसिव्हिटी गारव्यात 0.20 च्या आसपास असते आणि तापमान साधारण 22 अंशांच्या वर गेलं की 0.90 होते. वायर नाही, सेन्सर नाही, कुणी बटण दाबायचं नाही.

हे सगळं व्हॅनेडियम डायऑक्साइडची करामत. 1959 मधे अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत मोरिन या शास्त्रज्ञांनी बघितलं होतं की हा पदार्थ 68 अंशांच्या आसपास एकदम कुचालकाचा धातू होतो. थंड असताना त्यातले व्हॅनेडियमचे अणू जोड्या करून बसतात आणि इलेक्ट्रॉन त्यात अडकतात, तापल्यावर जोड्या सुटतात आणि इलेक्ट्रॉन मोकळे होतात. पण 68 अंश छपराच्या काय कामाचे? म्हणून त्यात टंगस्टन मिसळतात, अगदी दीड टक्का, आणि तेवढ्यावर तो बदल 22 अंशांच्या आसपास उतरतो. मला तर हे दीड टक्क्याचं प्रकरण सगळ्यात जास्त भावलं. रचना अशी की खाली चांदी, वर बेरियम फ्लोराइडचा थर आणि त्यात या पदार्थाचे बारीक ठोकळे. गारव्यात इन्फ्रारेड किरणं ठोकळ्यांतून आरपार जातात आणि चांदीच्या आरशावरून परत फिरतात, म्हणजे आपलं स्टील. तापल्यावर ठोकळे धातू होतात, किरणं चांदी आणि ठोकळ्यांच्या मधे सापडून शोषली जातात, आणि जो पृष्ठभाग चांगलं शोषतो तोच चांगलं सोडतो, म्हणजे आपली टेप.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही ती ही की यात रंग बदलत नाही. ऊन शोषायचं प्रमाण दोन्ही वेळेला साधारण पाव हिस्साच राहतं, बदलते ती फक्त उष्णता बाहेर टाकायची सवय. म्हणजे माझी हिवाळी दुपारची ऊब पूर्ण परत मिळणार नाही, पण रात्री जी उगाच आकाशात जाते ती वाचेल. वू यांच्या गटाने अमेरिकेतल्या 15 हवामान विभागांसाठी हिशोब केला, त्यातल्या 12 ठिकाणी हे कोटिंग बाजारातल्या छप्पर-कोटिंगांपेक्षा सरस ठरलं. माझं स्वतःचं मत असं की जिथे बारा महिने उकाडा आहे तिथे साधा चांगला पांढरा रंगच मारावा, बदलणाऱ्या कोटिंगचा खरा फायदा दिवस-रात्र किंवा उन्हाळा-हिवाळा यात मोठा फरक असतो तिथे.

आणि घाई करू नये. नमुना होता दोन सेंटिमीटर बाय दोन सेंटिमीटरचा, गच्ची किती मोठी असते विचार करा. व्हॅनेडियम डायऑक्साइड दमट हवेत हळूहळू ऑक्सिडाइझ होतो आणि मग त्याचा हा गुण जातो, शिवाय छपरावर धूळ बसते, शेवाळ धरतं, साध्या पांढऱ्या रंगाची चमक सुद्धा त्याने उतरते. दुसऱ्या वाटेनेही लोक चाललेत, कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी मेणावर चालणारी टाइल केलीय, मेण वितळलं की फुगतं, पिन ढकलतं आणि झडपांची स्थिती बदलते, थंडीत मेण गोठलं की झडपा परत पहिल्या जागी. ही टाइल ऊन घ्यायचं की परतवायचं हे पण बदलू शकते, जे त्या कोटिंगला जमत नाही, पण हलणारा भाग आला की तो कधीतरी अडकणार ही भीती आलीच.

मी सध्या एकाच गोष्टीवर अडकलोय. 22 अंश हे छपराच्या वरच्या पृष्ठभागाचं तापमान आहे, खोलीचं नाही. पत्र्याच्या छपराला ऊन लागलं की आत लगेच कळतं पण जाड स्लॅबला कित्येक तासांचा उशीर, म्हणजे वरून छप्पर गार पडून स्टीलसारखं झालेलं असेल आणि आत दुपारची उष्णता अजून उतरतच असेल, उन्हाळ्याच्या रात्री तर हे नक्कीच नको. मग जाड स्लॅबसाठी तो आकडा 22 च्या खाली घ्यावा का, म्हणजे टंगस्टन थोडं जास्त? गच्चीवर आणि खोलीच्या छताला दर तासाला गन लावून मी आकडे वहीत उतरवायला लागलोय, पूर्ण वर्षाचे जमले की इथे टाकतो.