बांगड्यांच्या दुकानात पापडखार

बांगड्यांच्या दुकानात पापडखार-हिंग कसे आले, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, पिना, इलॅस्टिक, सुया-दोरे. त्यातच एका फळीवर पापडखार, हिंग, तीळ, साबुदाणा. नवं गिऱ्हाईक ते बघून थबकतंच. खेड्यावरची एखादी आजी सरळ म्हणते, "बांगड्यास्ना दुकानमा हिंग कसा काय व माय?" शिकलेली मंडळी विचारतात, लॉकडाऊनमध्ये ही कल्पना सुचली कशी?

कल्पना सुचायला डोकं लागत नव्हतं. २५ मार्च २०२० पासून किराणा, भाजी, दूध, औषधं एवढंच उघडं राहणार, हे पेठेतल्या पोरासोरांनाही कळलं होतं. खाण्याचं ठेवलं तर शटर वर जाणार. अडलं होतं ते पैशाशी. आमचं दुकान मार्चअखेर गच्च भरलेलं असतं, कारण पुढे आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. त्या वर्षी ती २६ एप्रिलला होती. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, बांगड्या भरतात. त्याला लागून लग्नसराई. सगळा माल आधीच जळगावहून आणलेला, निम्मा उधारीवर. तो परत कोणी घेत नव्हतं. मग नवा माल आणायचा कशाच्या जोरावर? रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, पण ती बँकेच्या कर्जाला. व्यापाऱ्याच्या उधारीला कोण सवलत देणार? जूनमध्ये स्वनिधी योजनेत दहा हजारांचं कर्ज निघालं, तेही फेरीवाल्यांसाठी. आम्ही पडलो पक्क्या गाळ्यातले.

वाट निघाली ती ओळखीतून. एका ठोक किराणा व्यापाऱ्याच्या घरच्या बायका सासूबाईंच्या वेळेपासून आमच्याकडेच बांगड्या भरतात. तो म्हणाला, "माल घेऊन जा, विकला की पैसे द्या." ज्यांच्यामागे असं कोणी नव्हतं, त्यांना कल्पना सुचूनही उपयोग झाला नाही. शेजारी घड्याळ दुरुस्तीवाला होता. त्याचं भांडवल म्हणजे हात आणि नजर, त्याच्या जागी काय ठेवणार? त्याचा गाळा आता दुसऱ्याकडे आहे. 'गरजेतून संधी' वगैरे कोणी म्हणालं की मला तोच आठवतो.

गहू-तांदूळ मात्र आणले नाहीत. त्याच गल्लीत दोन जुने किराणावाले आहेत, त्यांच्या पोटावर पाय कशाला द्यायचा? शिवाय त्यात सुटतं काय! चैत्र-वैशाखात खान्देशात घराघरांत बिबडे, कुरडया, शेवया, उडदाचे पापड होतात. त्या वर्षी तर अख्खं घर हाताशी होतं. म्हणून पापडखार, हिंग, जिरं, तीळ, मिरची पूड, आणि वाळवणाखाली अंथरायचा प्लास्टिकचा कागद. किराणावाले धान्य तोलण्यात गुंतलेले, या बारीकसारीक जिनसांसाठी बायकांना ते आमच्याकडे पाठवायचे. अन्नपदार्थ विकायची साधी नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत होत होती, तीही केली.

जुन्या मालातलं एकच सोनं निघालं, इलॅस्टिक! सरकारने २१ मार्चला तीन पदरी मास्क दहा रुपयांना ठरवून दिला, पण गावात मिळत होता कुठे? बायका ब्लाउजपीस कापून घरीच शिवायला लागल्या. एरवी परकराला नि मुलांच्या चड्डीला जाणारी रिळं बघता बघता संपली.

यात थोडी लबाडी होती का, असंही हसत हसत विचारतात. होती. हिंग-तीळ पुढे, बांगड्या पडद्यामागे. कुणाच्या घरी चार माणसांत लग्न लागायचं असेल, तर नवरीला चुडा नको? मी दिला, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये जास्त कठीण गेलं. किराणासुद्धा सकाळी सात ते अकराच. आणि बांगडी भरायची तर हात हातात घ्यावा लागतो, ते तर बंदच. मग बायका जुनी बांगडी मापाला पाठवायच्या. आम्ही माप २-४ की २-६ ते बघून डझन बांधायचो आणि पापडखाराच्या पुड्यांबरोबर घरपोच द्यायचो. काही नग फुटायचे, त्यावरून थोडी कुरबुर व्हायची.

आता हे सगळं कशाला ठेवलंय, हा शेवटचा प्रश्न. सगळं नाही ठेवलेलं. जिरं आणि मिरची पूड काढली, भाव रोज हलतो. पापडखार-हिंग राहिले, कारण चैत्रात त्यासाठी येणारी बाई आखाजीच्या बांगड्याही बघून जाते. साबुदाणा उपासांच्या महिन्यांपुरता. इतर किराणा कोणी मागितला तर समोरच्या दुकानात पाठवते.