फुलं गेल्यावरची अंजनेरी

नाशिकजवळच्या अंजनेरी गडावर लोक जातात ते पावसाळ्यात. धुकं, धबधबे, सोनकीने पिवळं झालेलं पठार. मीही इतकी वर्षं तेव्हाच जायचे. यंदा आत्या म्हणाली, "फुलं गेल्यावर बघ एकदा." तिचं बालपण हरसूलकडच्या रानात गेलेलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी निघालो.

नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्थानकावरून त्र्यंबकेश्वरची बस, साधारण 20 किलोमीटरवर अंजनेरी फाटा. शनिवार-मंगळवारी मारुतीच्या भाविकांची गर्दी असते, म्हणून आम्ही बुधवार धरला.

गावातून पायथ्याकडे चालतानाच पहिला थांबा झाला. रस्त्याच्या कडेला दीपमाळ वाळून उभी होती. फुलं असताना मी तिच्याकडे फक्त नारिंगी रंग म्हणून बघायचे. रंग गेल्यावर तिचा बांधा दिसला: सरळ दांडा आणि त्यावर ठरावीक अंतराने ओवलेले काटेरी गोल. देवळासमोरच्या दगडी दीपमाळेचं नाव तिला का मिळालं, हे वाळल्यावर जास्त पटतं. हात लावताना जपून, ते काटे चांगलेच टोचतात. शेजारीच पेटारीची चक्रं होती, काठाला दात असलेली, कुणी लाकडात कोरावीत तशी. खुळखुळ्याच्या शेंगा आत्याने कानाशी वाजवून दाखवल्या. झुडपांत मुरडशेंगही लोंबत होती. "बाळगुटीत उगाळायची ती हीच," आत्या म्हणाली. मी ती आजवर काष्ठौषधींच्या दुकानातच पाहिली होती.

पायऱ्या चढून, कातळाच्या फटीतल्या जैन लेण्यांपाशी दम खाऊन वर आलो. पठारावर पोचलो आणि मी बोलायचीच थांबले. सगळं रान तांबूस. कुर्डूचे तुरे गुलाबी रंग सोडून चंदेरी झालेले. एक हलकेच झटकला तर तळहातावर चकचकीत काळं बी पडलं. सोनकीच्या जागी पांढरे, मऊ झुबके. सकाळी ते दवाने मिटलेले असतात. ऊन चढलं की फुलतात आणि वाऱ्यावर म्हाताऱ्या सुटतात. म्हणून फार पहाटे पोचायची घाई करू नका, नऊ-दहाचं ऊन उत्तम. सूर्य समोर ठेवून, खाली बसून बघा. उभ्याने नुसतं वाळलेलं गवत दिसतं. मोबाइलने फोटो काढणार असाल तर सोबत्याला गडद कपड्यांत मागे उभं करा, एकेक तंतू उठून दिसतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कुसळी गवतापाशी. डोळ्यातलं कुसळ म्हणतात ते हेच. दाण्याला सुईसारखं टोक आणि मागे लांब, पीळ पडलेली शेपटी. वाळताना या शेपट्या एकमेकींत अडकून वर काळपट झुपका होतो. आत्याने एक कुसळ माझ्या तळहातावर ठेवलं आणि बाटलीतलं थेंबभर पाणी टाकलं. "आता बघ." कुसळ हललं! पीळ सुटू लागला आणि शेपटी सावकाश गोल फिरली. ओल मिळाली की पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा बसतो. शेपटी आजूबाजूच्या काडीला टेकली की या फिरण्याने दाणा मातीत रुतत जातो. "म्हणून कुसळं धरायच्या आत गवत कापायचं," आत्या म्हणाली, "नाहीतर गुरांच्या तोंडात रुततात." मी ज्याला मेलेलं समजत होते ते माझ्या हातावर काम करत होतं.

अंजनेरीच्या नावाची कंदीलफुलाची एक जात आहे, 2006 साली शास्त्रात नोंदवलेली. या दिवसांत ती दिसणार नाही. जमिनीवरचं रोप संपून खाली फक्त कंद उरलेला असतो. म्हणूनच पायवाट सोडू नका आणि माती उकरू नका. घरी फुलदाणीत ठेवायला तुरे तोडणारेही मी पाहिलेत. कळकळीने सांगते, तोडू नका. ते पुढच्या पावसाचं बियाणं आहे, आणि मुनिया पक्ष्यांचे थवे त्यावरच जगतात. आम्ही भाकरी खात होतो तेव्हा गवताच्या काड्यांवर झोके घेत त्या दाणे टिपत होत्या.

अंजनीमातेचं देऊळ आणि तळं याच पठारावर आहे. सीतागुंफेवरून अगदी माथ्यापर्यंत जायचं तर आणखी चढ आहे. आम्ही तळ्यावरूनच परतलो, गुडघे आणि वेळ दोन्ही पाहून.

पाणी माणशी दोन लिटर घ्या, वर मिळेल या भरवशावर राहू नका. पूर्ण पँट घाला, कापड गुळगुळीत हवं. लोकरी मोज्यात कुसळ घुसलं की बोटांनी निघत नाही, छोटा चिमटा बरोबर असू द्या. माकडं आहेत, पिशवीत खाऊ उघडा नको. आणि आगकाडी तर नकोच. या दिवसांत एक ठिणगी वणव्याला पुरते.

पायथ्याशी आल्यावर मी फाट्याकडे घाई करत होते. आत्याने हाताला धरून थांबवलं. पदराला आघाडा चिकटलेला, माझ्या पँटमध्ये कुसळं. "अगं, हे शहरात नेऊन काय करणार? इथलं इथेच झाड." वाटेच्या कडेला मातीवर बसून आम्ही दोघींनी एकेक दाणा काढला. पुढची बस चुकली.