झेड आणि झेडबार

शनिवारच्या सेमिनारमध्ये मी फळ्यावर एक ओळ खरडली आणि मागच्या बाकावरून एका निवृत्त सरांनी हळूच विचारलं, "इथं झेड गुणिले झेडबार एक कसा झाला रे?" झेड म्हणजे संमिश्र संख्या, झेडबार तिची संयुग्मी, दोघांचा गुणाकार म्हणजे झेडच्या शून्यापासूनच्या अंतराचा वर्ग. मी वळून फळ्याकडे बघितलं. झाला नव्हता. दोन महिन्यांची सिद्धता तिथंच बसली.

घरी, गोव्यातल्या चोडण बेटावर परतायला रायबंदरच्या धक्क्यावर आलो तर फेरीबोटीची रांग पार वळणापर्यंत गेलेली. पाऊस रिपरिप. तेवढ्यात रुग्णवाहिका आली. पुढच्या गाडीवाल्यानं शिव्या घालत रिव्हर्स टाकला, मग त्याच्या मागच्यानं, मग आम्ही स्कूटरवाल्यांनी. सगळे एकेक जागा मागे, क्रम तोच, पुढे एक जागा मोकळी. भिजत असतानाही हसू आलं, कारण माझा विषय म्हणजे हेच: शिफ्ट ऑपरेटर. घातश्रेणीचे, म्हणजे झेडच्या चढत्या घातांच्या बेरजेचे, सहगुणक रांगेत उभे आहेत असं समजा. फलनाला झेडनं गुणलं की प्रत्येक जण एक जागा मागे सरकतो आणि पहिल्या जागी शून्य येतं. रांग तेवढी अनंत लांब हवी. शनिवारी संध्याकाळी चोडणची रांग त्याच्या फार मागे नसते.

आता फलनांचा असा बंद गट घ्या की त्यातल्या कुणालाही झेडनं गुणलं तरी ते गटातच राहतं. झेड = १/२ या बिंदूवर शून्य होणारी सगळी फलनं घ्या, झेडनं गुणा, त्या बिंदूवर ती शून्यच. हा इन्व्हेरियंट सबस्पेस. हार्डी अवकाशात, म्हणजे सहगुणकांच्या वर्गांची बेरीज सांत असलेल्या घातश्रेणींमध्ये, असे सगळे गट कसे दिसतात ते स्वीडनच्या आर्ने बर्लिंगनं १९४९ मध्ये सांगून टाकलं. शून्य गट सोडला तर प्रत्येकामागे एकच फलन असतं, एकक वर्तुळावर जवळजवळ सगळीकडे ज्याचं निरपेक्ष मूल्य १. अवकाशातल्या प्रत्येकाला त्या एकानं गुणा, गट तयार. रांगेच्या भाषेत, गट सरकला की मोकळी होणारी जागा नेहमी एकाच गाडीची.

कारण फार सुंदर आहे. त्या मोकळ्या जागेत एकमेकांना लंब अशी दोन फलनं आहेत असं धरा. एक फलन आणि दुसऱ्याचा संयुग्मी यांचा गुणाकार वर्तुळावर पाहिला तर त्याचे सगळे फूरिये सहगुणक (झेड आणि झेडबारच्या घातांचे सहगुणक) शून्य निघतात, म्हणजे गुणाकारच शून्य. पण हार्डी अवकाशातलं शून्येतर फलन वर्तुळावर जवळजवळ कुठंच शून्य होत नाही. संपलं. हे सगळं चालतं, कारण वर्तुळावर झेड गुणिले झेडबार १ असतो, आणि झेड व झेडबार यांचे मिश्र घात आपोआप साधे होतात.

मी हीच सिद्धता उचलून बर्गमन अवकाशात नेली. तिथं लांबी मोजताना संकलन वर्तुळावर नसतं, आतल्या पूर्ण चकतीवर असतं. एक या फलनाच्या लांबीचा वर्ग १, झेडचा १/२, झेडवर्गाचा १/३. मागे सरकाल तसे हलके. आत झेड गुणिले झेडबार १ पेक्षा कमी, त्यामुळे मिश्र घात मिश्रच राहतात आणि माझा 'म्हणून गुणाकार शून्य' हवेत लटकतो. वाईट याचं वाटतं की निष्कर्षच खोटा होता, आणि हे माहीत असलेल्या माणसांसमोर मी तो मांडत होतो. अपोस्तोल, बेर्कोविची, फोयाश आणि पीअर्सी यांनी १९८५ मध्येच दाखवलंय की बर्गमनमध्ये ही मोकळी जागा दोन गाड्यांची, दहांची, अगदी अनंत गाड्यांचीही असू शकते. हेडेनमाल्मनं १९९३ मध्ये दोन गाड्यांचं हाताशी धरता येईल असं उदाहरण दिलं: शून्यांचे दोन संच, त्यांचे दोन गट, आणि त्या गटांची बेरीज. एवढं होऊनही अलेमान, रिश्टर आणि सुंडबर्ग यांनी १९९६ मध्ये सिद्ध केलं की मोकळ्या जागेतून अख्खा गट पुन्हा उभा करता येतो. मला खरं तर हेच वापरायला हवं होतं.

सेमिनारनंतर चहा घेताना सर म्हणाले, "अरे, तुझी चूक स्वस्तातली." मग कागदी रुमालावर एक मोठा गट काढला, त्याच्या पोटात एक छोटा, दोघांतला फरक अनंत मितीचा. दोन्ही बर्गमनमधले, दोन्ही इन्व्हेरियंट. या दोहोंच्या मध्ये नेहमी तिसरा सापडतो का? याचं उत्तर दिलंस तर हिल्बर्ट अवकाशावरचा इन्व्हेरियंट सबस्पेसचा मूळ प्रश्नच सुटला (प्रत्येक बंधित ऑपरेटरला, शून्य आणि अख्खा अवकाश सोडून, असा एखादा गट असतोच का), कारण दोन्ही प्रश्न एकच आहेत.

तो रुमाल रेनकोटच्या खिशात ठेवला होता. धक्क्यावर काढून पाहिला तर शाई फुटून आतला गट बाहेरच्याला चिकटलेला. मागच्यानं हॉर्न मारला. फेरी लागली होती.